पाटी लागलेल्या घराचे मालक

आपल्याच घरात पाहुण्यासारखा बिचकून वावरणारा मालक मी जन्मात एकच पाहिला. पवनीच्या जुन्या वस्तीतल्या त्यांच्या दुमजली दगडी घरावर 'संरक्षित वास्तू' अशी सरकारी पाटी लागली आणि आमचे घरमालक जिना अनवाणी चढू लागले. पाऊस झाला की भिंती पंच्याने पुसत. पोळ्याला बैलांचा नैवेद्य झाला की एक पुरणपोळी उंबरठ्यालाही ठेवत. वरच्या खोलीत मी भाडेकरू. आणीबाणी उठली त्या साली नुकताच शाळामास्तर झालो होतो, आणि जग माझ्यावाचून अडलं आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती. शर्ट अडकवायला एक खिळा ठोकू का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, घर चार पिढ्यांचं हाय, शर्ट दिवाळीचा. कोणं कोणाले सांभाळायचं?" तेव्हापासून मी वर्गात कायम चुरगळलेला.

मे महिन्यात मात्र माझा धीर सुटला. छताला पंखा लावायलाही त्यांनी नकार दिला, तेव्हा संतापून मी एक निनावी अर्ज लिहिला: घर धोकादायक आहे, ताबडतोब पाडावे. पाडल्यावर आपण राहणार कुठे, हा प्रश्न मला पाकीट पेटीत पडल्यावर सुचला.

चौकशीला नगरपालिकेचे साहेब आले. घरमालकांचं चार दिवस जेवणावरून मन उडालं होतं. साहेबांनी भाडेकरू म्हणून मलाच विचारलं, भीती वाटते का? भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याकडे बघून मी, अर्जाचा कर्ता, घर किल्ल्यासारखं भक्कम असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. साहेब समाधानाने गेले.

संध्याकाळी घरमालक वर आले. दारातच थांबले.

"साहेबानं अर्ज दाखवला मले. अक्षर लई सुंदर हाय, मास्तर."

खोली सोडायची म्हणून मी ट्रंक पुढे ओढली.

"आजपासून खाली ओसरीत झोपत जा. तिथं गार लागते."

बदली होईपर्यंतचे दोन उन्हाळे मी ओसरीत झोपलो. अर्जाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. माफी मागायचं धाडस मलाही झालं नाही.

सात-आठ वर्षांनी पवनीला गेलो. ते पायरीवर बसले होते, नजर गेलेली. आवाजावरून ओळखतात का पाहावं म्हणून मी विचारलं, वरची खोली भाड्याने मिळेल का?

"नाही जी," ते म्हणाले. "आमचे मास्तर राहतेत तिथं. शाळेतून येतच असतीन."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. नाव सांगायचं राहूनच गेलं.