लेकीच्या स्कीचे चार स्क्रू

झाशीत बर्फ म्हणजे उसाच्या रसवाल्याकडची लादी. त्यामुळे लेक नोव्हेंबरात स्टेशनावरून खांद्यावर दोन लांब फळ्या टाकून घरी आली, तेव्हा मी आधी चिडलेच. चोवीस वर्षांची आहे, डेहराडूनला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात पहाडात जाऊन स्कीचा पहिला कोर्स केला होता. आता दुसरा करायचा, तोही स्वतःच्या स्कीवर, म्हणून कुणाकडून तरी जुन्या घेतल्या होत्या.

“आई, इसको तू सेट कर दे ना मेरे हिसाब से,” ती म्हणाली. मराठी तिला सगळी कळते, पण बोलायला लागली की हिंदीवर जाते. आमच्या इथल्या सगळ्याच मराठी घरांतल्या पोरांचं तसं आहे.

मी रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. हे गेले तेव्हा लेक सात वर्षांची होती. यांच्या जागी मला नोकरी मिळाली, आणि भुसावळच्या माहेरी साधा पानाही हातात न धरलेली मी मालगाडीच्या डब्यांखाली वाकून बोल्ट कसायला शिकले. सतरा वर्षांत माझ्या हातचं काम कधी परत आलेलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही, असं म्हणणार होते, पण बढाई म्हणूनच सांगतेय.

तर स्की. फळीवर बूट पकडून ठेवणारी जी कळ असते तिला बाइंडिंग म्हणतात. एक भाग बुटाच्या पुढे, एक टाचेमागे. दोन्हींवर एकेक स्क्रू आणि शेजारी छोट्या खिडकीत आकडा. दोन स्कीचे मिळून चार स्क्रू. मला वाटलं, पकडायचंय ना, मग कसून टाकू, त्यात काय एवढं! लेकीनं माझा हात धरला. म्हणाली, याचं खरं काम सोडण्याचं आहे. माणूस पडला, पाय पिळला, की बूट कळीतून सुटायला हवा. सैल राहिली तर स्की भलत्या वेळी निघते. फार घट्ट झाली तर निघतच नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. मग लिगामेंट तुटतं, ऑपरेशन, सहा-आठ महिने घरी.

आकडा ठरवायचा तक्ता असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि माणूस सांभाळून उतरतो की सुसाट, हे सगळं त्यात बघायचं. तिनं सांगितलेल्या वजनावर माझा विश्वास बसेना. तिला बड्या बाजारात आमच्या धान्यवाल्याकडे नेलं आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. “भाभीजी, बिटिया का क्या भाव लगाएँ?” धान्यवाला म्हणाला, आणि लेक वाटेभर माझ्याशी बोलली नाही. वजन चोपन्नच निघालं. तळ मोजला, दोनशे पंच्याऐंशी मिलिमीटर. तक्त्यात उत्तर आलं पाच. टाचेकडचा भाग सरकवून बुटाला नीट भिडवला, चारही खिडक्यांत पाच आणलं. ती म्हणाली, “वहाँ दुकान में एक बार मशीन पे टेस्ट भी करा लूँगी.” इथवर सगळं बरोबर होतं.

जानेवारीत कोर्सला निघायच्या आधी ती दोन दिवस घरी आली. निघायच्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी स्की बांधायला घेतल्या. आदल्या दिवशी तिनं मला मोबाइलवर तो उतार दाखवला होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे वेगात असताना स्की निघाली तर? तक्ता बनवणाऱ्यांना काय, त्यांची पोर थोडीच जातेय. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही स्क्रू पाचवरून सातवर नेले.

वर आणखी एक केलं. कारखान्यात बोल्ट कसून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत आम्ही पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. याचा अर्थ, हे काम तपासून झालंय, आता कुणी हात लावायचा नाही. घरातही माझी तीच सवय. कुकरचं हँडल, कूलरचा पंखा, लेकीची पहिली सायकल, सगळ्यांवर रेघ. चारही स्क्रूंवर मी तशीच रेघ ओढली. ती बाहेर आली, रेघा बघितल्या आणि मला मिठी मारून निघाली.

गाडी हलली आणि तो सातचा आकडा डोक्यातून जाईना. घरी बसवेना. रविवारी उगीच बसनं जवळच्या बरुआसागरला गेले, तिथल्या मंडईत हिंडले आणि दोन किलो आलं घेऊन परत आले. एकट्या बाईला दोन किलो आलं! लेकीला फोन लावला तर लागेना. लागला असता तरी काय सांगणार होते?

सोमवारी कामावर टॉर्क पाना हातात घेतला. ठरलेला जोर लागला की तो कट् करतो, आणि तिथे थांबायचं. भिंतीवर आकडा लिहिलेला आहे, त्याच्यापुढे अर्धा फेरासुद्धा मी कधी मारत नाही. जास्त कसलेला बोल्ट आतून ताणला जातो, हे मीच नव्या लोकांना ओरडून सांगते. मग घरी मला काय झालं होतं? मी घाबरले होते, दुसरं काही नाही. आणि माझ्या भीतीचा भार मी पोरीच्या गुडघ्यावर टाकला होता.

संध्याकाळी सातला फोन लागला. हॅलोसुद्धा न म्हणता मी म्हटलं, “स्क्रू सातवर आहेत. मी केलेत. पाचवर आण, आत्ताच्या आत्ता.”

मग ती म्हणाली, “दुकान में दिखाया ही नहीं मैंने. तेरी लाइन थी ना.”

“पडलीस का?”

“कितनी बार. स्की एक बार भी नहीं खुली. दाहिना घुटना सूज गया है. सिखाने वाले भैया बोले, सेटिंग टाइट लग रही है. मैं उनसे लड़ पड़ी, कि मेरी माँ ने किया है, गलत हो ही नहीं सकता.” मग हळूच म्हणाली, “मला वाटलं, मलाच पडता येत नाही.”

शेवटचं वाक्य तिनं मराठीत म्हटलं. मला रडू फुटलं. “तुझं काही चुकलं नाही गं,” मी म्हटलं, “चुकले मी. माझ्या रेघा खरवडून काढ आणि उद्या स्की त्या मशीनवर तपासून घे. तिथले लोक सांगतील तो आकडा. माझं ऐकायचं नाही.”

गुडघ्याला दोन दिवस विश्रांती द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, नुसती सूज आहे, पण ते दोन दिवस मी कशी होते ते माझं मला माहीत. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा मेसेज आला. सकाळपासून तीनदा पडली होती, आणि तिन्ही वेळा स्की सुटली होती. मी डबा तसाच उघडा ठेवून उभी राहिले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडले, “पडली! माझी पोर पडली!” लोक धावत आले आणि बघतात तर मी हसतेय.