तारीख नसलेले राजीनामे

समोर चहाचा कप आला की सर आधी कपाकडे बघत नसत, आणणाऱ्याकडे बघत. मग विचारत, "कोणाकडून?"

संघटनेकडून असला तर पीत. संस्थेकडून असला तर कपावर बशी पालथी घालत आणि बोलणी संपेपर्यंत त्या बशीवर बोट ठेवून बसत, जणू आत काही जिवंत आहे आणि ते बाहेर पडेल. "संस्थेचा चहा पेला की मानसाचा आवाज मऊ पडतो," असं त्यांचं म्हणणं. मी यावर पुष्कळ हसलेलो आहे. हसताना संस्थेचाच चहा पीत होतो, हेही कबूल करून टाकतो.

नाव सांगत नाही. त्यांना आवडणार नाही, आणि न आवडलेली गोष्ट ते वहीत टिपून ठेवतात. शाळेत तशी सरांची काय कमी? पण आडनाव न लावता नुसतं 'सर' म्हटलं की आमच्याकडे हेच. गाव कुरुंद्याकडचं, विषय गणित, आमच्या कंत्राटी शिक्षकांच्या संघटनेचे सचिव. शर्टाच्या खिशाला कायम सेफ्टी पिन लावलेली. खिशात काय आहे ते आम्हाला कधीच कळलं नाही; विचारलं तर म्हणत, "म्हनूनच पिन हाय."

आमच्या संस्थेच्या जिल्ह्यात तीन शाळा आणि आम्ही तेवीस कंत्राटी. दर जूनला अकरा महिन्यांचा करार. करारावर सही झाली की त्याच टेबलावर दुसरा कागद पुढं यायचा. 'घरगुती कारणास्तव मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.' खाली सही करायची, तारखेची जागा कोरी सोडायची. म्हणजे नोकरी लागली त्याच दिवशी ती सोडल्याचं लिहून द्यायचं. ते कागद कार्यालयातल्या लोखंडी कपाटात. कोणी जास्त बोलायला लागलं की कपाट उघडायचं आणि कोऱ्या जागेत तारीख टाकायची.

आमच्या मगर सरांनी राजीनामा दिला, हे त्यांना पोस्टमनकडून कळलं. मंजुरीचं पत्र दोनदा वाचून त्यांनी मलाच विचारलं, "मी काहून राजीनामा दिला असंल हो?"

त्या वर्षीपासून नव्या कराराच्या बोलणीत आमची पहिली मागणी तीच झाली: कोरे राजीनामे परत करा. सगळ्यांत जास्त धसका शिंदे मॅडमनी घेतला होता. त्यांचं लेकरू पाच महिन्यांचं. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष त्यांना हसून म्हणाले होते, "लहान लेकरू आहे, घरी बसायचं की!" अध्यक्ष हसले की आम्ही कपाटाकडे बघायचो.

बैठक वारंगा फाट्यावर, एका हॉटेलच्या मागच्या खोलीत. तिन्ही शाळांच्या जीपा तिथं मिळतात. सर आधी हॉटेलवाल्याकडून एक पातेलं मागून घेत. त्यात सगळ्यांचे मोबाईल, वर झाकण, झाकणावर पाण्यानं भरलेला जग. मग कागद काढत आणि शेवटच्या पानापासून वाचायला सुरुवात करत. "पहिल्या पानावर गोडच लिहितेत. मानूस खाली येऊस्तर थकतो." आणि प्रत्येक कलमापाशी थांबून एकच प्रश्न, "ह्यात त्यांचा काय फायदा?" शिक्षकदिनी अध्यक्षांनी आम्हाला एकेक गुलाब दिला, तेव्हाही दांडा उलटसुलट करून त्यांनी हेच विचारलं होतं.

आता माझा पराक्रम ऐका. बोलणी सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मी उत्साहात मोबाईलवर निरोप लिहिला: 'उद्या राजीनामे घेतल्याबिगर उठायचं न्हाई. अध्यक्षाला घाम फोडायचा.' तो मी संघटनेच्या गटात टाकायचा, तो पडला 'शाळा परिवार' गटात. तिथं सगळ्यांत आधी वाचतात ते अध्यक्ष. त्यांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो तर दोन नवे कूलर लावलेले.

यानंतर मी मोबाईलला हात लावताना दोनदा विचार करू लागलो. तरी प्रकार थांबेना. आम्ही तोंड उघडायच्या आधी अध्यक्षांकडे उत्तर तयार असायचं. आमच्यातलं कोणीतरी आतून फितूर आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. लोकांनी दुसऱ्या कोणाकडे तरी बघावं अशी मला फार निकड होती.

अशात एका रविवारी कळमनुरीला केस कापायला गेलो. सलूनसमोरच संस्थेच्या मोठ्या बाबूंचं घर. लोखंडी कपाटाची किल्ली याच बाबूंकडे. बघतो तर त्यांच्या ओट्यावर सर! हातात कप, कपावर बशी नाही, आणि फुर्रकन् चहा पिऊन राहिले. पुढच्या रविवारी मी पुन्हा गेलो. सलूनवाल्यानं डोक्यावरून हात फिरवून विचारलं, "गुरुजी, आता काय कापू?" मी म्हटलं, कातरी नुसती वाजव. सर बराबर त्याच वेळेला आले.

फाट्यावरच्या बैठकीत, पातेल्यावर जग ठेवून होताच, मी उभा राहिलो.

"सर, तुमी मोठ्या बाबूच्या घरी जाता?"

"जातो."

"काहून?"

"ते सांगता येत न्हाई."

"तिथं चहा पेलात तुमी."

"पेलो. चांगला व्हता."

"ज्याच्याकडं कपाटाची किल्ली, त्याच्याकडं?" शिंदे मॅडम उठून उभ्या राहिल्या. "सर, आमची रोजीरोटी आहे त्या कपाटात."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. काही बोलतील असं वाटलं. पण नंतर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेनाचं टोपण उघडलं. बोलणीच्या समितीतून सचिवांना काढावं, असा ठराव मी मांडला. हात वर झाले. ठराव लिहिला सरांनीच, स्वतःला काढल्याचा, स्वच्छ अक्षरात, समास सोडून. वाचून दाखवला, सूचक म्हणून माझी सही घेतली. जाताना एवढंच म्हणाले, "ह्या महिनाअखेरपस्तोर थांबा. तवर त्यांच्याकडून काई घेऊ नका."

आम्ही एकमेकांकडे अर्थपूर्ण बघितलं. फितूर माणूस दुसरं काय सांगणार?

समितीचा प्रमुख झालो मी. वाटाघाटीला गेलो, चहा आला, प्यालो, बिस्किटंही होती. अध्यक्ष म्हणाले, "एवढंच होय? आपलीच माणसं तुम्ही. घेऊन जा." आणि बाबूंना बोलावून एक जाड लिफाफा माझ्यासमोर ठेवायला लावला. बाबू माझ्याकडे असं बघत होते की मला वाटलं यांना ॲसिडिटी झाली आहे. मी लिफाफा उघडला. माझी सही, निळी, खाली दोन टिंबं. मॅडमची सही, सरांची सही, सगळ्यांच्या. अध्यक्षांनी पावती पुढं केली: 'सर्व राजीनामे परत मिळाले. संस्थेकडे एकही शिल्लक नाही.' मी वरून वाचली, झोकात सही ठोकली. दोन वर्षांचा प्रश्न मी एका चहात सोडवला होता.

नको असलेला कागद हाती लागला की त्याची होळी करायची, ही आम्हा संघटनावाल्यांची जुनी खोड. शासनाच्या निर्णयांच्या प्रती जाळून जाळून आमचा हात बसलेला. फाटकाबाहेर रिंगण केलं, घोषणा दिल्या, आगपेटी मी ओढली, फोटो काढला. शिंदे मॅडमनी डोळ्यांना पदर लावला होता. मला वाटलं, धुरानं.

तेवढ्यात जीप थांबली आणि सर उतरून पळत आले. त्या माणसाला पळताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सरळ आगीत पाय घातला, चपलेनं एक कागद बाहेर ओढला, तुडवून विझवला. अर्धा जळालेला. तो उलटा करून सहीच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बालपेननं सही केली की मागं उमटती," ते म्हणाले. "हितं काईच न्हाई. रंगीत झेरॉक्स हाय."

"म्हंजे खरे?" कोणीतरी विचारलं.

"कपाटात."

काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मी म्हणालो, "खोटेच व्हते तर जाळले तेच बरं झालं म्हणा."

सर माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की बोलायचे तसंच बोलले. "खरे असते तर जाळायचेच व्हते. झेरॉक्स जपायचे असतेत. उद्या त्यांनी खऱ्या कागदावर तारीख टाकली, तर मे महिन्यात ह्याच कागदावर तारीख नव्हती, हे दाखवायला आपल्यापाशी तेवढंच व्हतं. बावीस पुरावे जाळले तुमी. फोटोबी काढला."

मग त्यांनी विचारलं, "पावती दिली?"

बावीस माना माझ्याकडे वळल्या.

वाचलेला तुकडा शिंदे मॅडमच्या राजीनाम्याचा होता. खालचा भाग शाबूत: सही, आणि तारखेची कोरी जागा. सरांनी खिशाची पिन काढली, आतून प्लास्टिकची पिशवी काढली, तुकडा तीत घालून मॅडमच्या हातात दिला. "सासरी ठेवू नका, म्हायेरी ठेवा." आधी मात्र मला त्याचा मोबाईलवर फोटो काढायला लावला. म्हणाले, "आता टाका हा त्या शाळा परिवारात. चुकून टाका, तुमाला जमतंय." मी टाकला. या वेळी अंगठ्याचं चित्र आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. मॅडमच्या कागदाला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही. त्या शिकवत आहेत, लेकरू आता रांगतं. सरांच्या मात्र घरी पोस्टमन गेला. 'आपण स्वखुशीने दिलेला राजीनामा मंजूर.' तारीख एक जून. सरांनी न्यायाधिकरणात दाद मागितली, तर संस्थेच्या वकिलानं पहिला कागद लावला तो माझी पावती. जुने राजीनामे मे महिन्यातच परत केले, एकही शिल्लक नव्हता, संघटनेच्या माणसाची सही आहे. म्हणजे जूनचा हा राजीनामा नवा आणि आपखुशीचा. युक्तिवाद इतका चोख होता की मलाही क्षणभर पटला. राहिलेले आम्ही एकवीस जण. आमचे कागद आजही त्या कपाटात आहेत आणि माझ्या सहीप्रमाणे परत मिळालेले आहेत.

शेवटी कुरुंद्याकडे गेलो. सरांच्या घरच्या म्हणाल्या, "शेतात गेलेत, हळदीची लावण चालू हाय." गेलो. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरीत उभे होते. माफी कशी मागावी याची मी जीपमध्ये तयारी केली होती. तोंडातून निघालं ते, "सर, बाबूकडं काहून जात व्हतात?"

बाबू आता निवृत्त झाले आहेत, गावी गेले आहेत, म्हणून लिहितो. मेअखेर निवृत्त होताना कपाटाचा चार्ज देण्याच्या यादीत 'तारीख नसलेले राजीनामे, नग तेवीस' असं ते लिहिणार होते आणि त्या यादीवर अध्यक्षांची सही घेणार होते. बस, आमचं काम झालं असतं. यासाठी सर चार रविवार त्यांचं मन वळवत होते. माझी पावती फाइलला लागल्यावर यादीत लिहायला काही उरलं नाही.

"मग बैठकीत सांगायचं ना सर!"

"तुमाला? कोण्या गटात टाकलं असतं?"

मी म्हणालो, पावती फसवून घेतली असं मी शपथेवर लिहून देतो. सरांनी मला खालून वर न्याहाळलं. म्हणाले, "कपाटात तुमचाबी कागद हाय." मी म्हटलं, माहीत आहे. "घरी इचारलं?" विचारलं. "उद्या सकाळी बदलसाल." नाही बदलणार. "लिहून आना. मंग बघू."

लिहून दिलं. आजवर माझ्या फजित्या मी चहावर सांगत आलो. ही पहिलीच स्टँपपेपरवर सांगितली. निकाल अजून नाही. खरा फितूर कोण, तेही अजून कळलेलं नाही. स्टाफरूममध्ये सरांच्या खुर्चीवर कोणी बसत नाही आणि कोणी ती हलवतही नाही. यंदा पोस्टमन फाटकात दिसला की मी वर्गातूनच त्याची पिशवी निरखतो.

त्या दिवशी शेतातून निघता येईना. माफी राहिलीच होती. काहीतरी करावं म्हणून बेण्याची टोपली उचलली आणि म्हणालो, "सर, ही सरी मी लावतो." त्यांनी एक कंद घेऊन दाखवला: डोळा वर, इतकं अंतर, इतकी माती. मी वाकून लावत गेलो. कमरेचा काटा ढिला झाला, पण सरी पुरी केली. टोकाला उभा राहून घाम पुसला आणि मोठ्या समाधानानं मागं वळून बघितलं.

सर सरीच्या सुरुवातीला उकिडवे बसले होते. मी लावलेला एकेक कंद उकरून बघत, काही तसेच ठेवत, काही फिरवत, वर पुन्हा माती लोटत ते हळूहळू माझ्याकडे येत होते.