येसूआक्काची टाच

ही गोष्ट माझ्या तोंडून कधीच बाहेर पडलेली नाही. नवऱ्यापाशी नाही, लेकींपाशी नाही. देवापाशीही नाही. त्याला ती आधीच ठाऊक असेल, पण तसं त्याने कधी दाखवलेलं नाही. तुमच्यापाशी बोलते आहे. किती नीट बोलता येईल, ठाऊक नाही.

सुरुवात पोटऱ्यांपासून करावी लागेल. हसू नका.

पुरुषाचं वय दातांवरून कळतं, दाढीवरून कळतं, आणि तो आपल्या तरुणपणाच्या बढाया किती मारतो त्यावरून तर हमखास कळतं. बाईचं वय पोटरीत उतरतं. लावणीचा चिखल, डोक्यावरचा भारा, विहिरीची पायरी — पोटरी सगळं सोसते, आणि मग एका वर्षी सोसेनाशी होते. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकावं तर टाचेपासून गुडघ्यापर्यंत कुणीतरी सुंभ आवळून बांधल्यासारखं वाटतं. दहावीस पावलं चाललं की सैल होतं, म्हणून बाई कुणाला सांगत नाही. पण उकिडवं बसलं की लपत नाही. टाचा आपोआप उचलल्या जातात, आणि हट्टाने टेकवल्या तर बाई मागे कलंडते. हे मी कुठे वाचलेलं नाही. माझ्या टाचा टेकायच्या बंद होऊन दोनतीन पावसाळे झाले.

तेव्हा मात्र टेकत होत्या. मी अठ्ठावीस-तीस वर्षांची असेन. चौकच्या अलीकडे आमचं गाव. माझा बाप मराठी शाळेत पंतोजी, म्हणून मला वाचता येत होतं. शेतकऱ्याच्या घरात सुनेला वाचता येणं म्हणजे म्हशीला पोहता येण्यासारखं — येईना का, दूध किती देते ते सांगा.

येसूआक्का माझी थोरली जाऊ. घाटात आगगाडीसाठी सुरुंग फुटत होते तेव्हा ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत होती, एवढंच तिच्या वयाबद्दल ठाऊक. म्हणजे चाळिशी आली असणार. मूल नव्हतं. नागपंचमीच्या बसफुगडीत मात्र सगळ्या पंचक्रोशीत तिच्या तोडीची बाई नव्हती. आमच्याकडची रीत अशी — दोघींनी समोरासमोर उकिडवं बसायचं, हात धरायचे, टाचा जमिनीला टेकवून गाण्याचा पहिला फेरा तसंच बसून काढायचा आणि मग उड्या. ओटीवर म्हाताऱ्या बसत, त्या उड्यांकडे बघतच नसत. त्या टाचा बघत. टाच टेकली तर बाई अजून तरणी, उचलली तर तिचं बाळंतपणाचं वय सरलं. असं त्या मानत. पोटरीचा आणि पोटाचा काय संबंध, हे विचारायची हिंमत कुणात होती? वाचता येणारी एक होती घरात. तिनेही विचारलं नाही.

थोरल्या भाऊजींना त्या वर्षी पाटीलकी मिळाली होती. मामलेदारासमोर उभं राहायला त्यांनी नवी पगडी आणवली. ती कानांवर उतरायची म्हणून आत चिंधी घातली होती, आणि तिचं टोक मागून लोंबत असे. कुणी सांगितलं नाही. पाटलाला वारस हवा, हे मात्र सगळ्यांनी सांगितलं. साजगावची एक मुलगी सुचवली गेली. सासूबाईंनी निवाडा दिला, चुलीपुढे, आक्का ऐकत असताना — "नागपंचमी जाऊं दे. येसूची टाच टेकली तर आणखी येक वरीस बगू. नाय टेकली तर साजगावला सुपारी धाडायची. मग रडायचं नाय कुनी."

एवढ्यावर आक्काचा संसार होता. टाचेवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोठ्यामागे तिने मला लुगडं गुडघ्यापर्यंत उचलून पोटरी दाखवली. "हात लाव गं." मी लावला. पाटा असावा तशी. "लावनी झाल्यापास्नं टेकतच नाय बघ. शेकून झालं, त्याल लावून झालं. तू माझ्या समोर बसशील? हात घट धरलेस ना, तर मी मागं झुकन आन टाच टेकल. कुनाला कलायचं नाय."

तिचं खरं होतं. समोरच्या बाईने भार तोलला की ताठ पोटरीची बाईसुद्धा टाच टेकवून बसू शकते. आम्ही रोज दुपारी शेण टाकायच्या निमित्ताने गोठ्यामागे जात असू. ती मागे झुकायची, मी तिला धरून ठेवायची. पहिल्या दिवशी दोघी शेणात पडलो आणि ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "पाटलीनबाय शेनात!" म्हणाली. मीही हसले. ते हसू खरं होतं का? मला वाटतं, होतं — आणि म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं आहे.

कारण माझ्या मनात आधीच एक गाठ होती. बापाने दिलेली तीनचार छापील पुस्तकं मी भाताच्या कणगीमागे लपवली होती. आषाढात सासूबाईंनी ती शोधून काढली आणि न्हाणीघराच्या चुलीत घातली. त्या पाण्याने मग भाऊजी न्हाले. जागा फक्त आक्काला ठाऊक होती — असं मला वाटत होतं. मी तिला विचारलं का? नाही. मी फसवली गेले, माझ्या माणसानेच मला फसवलं, हे इतकं स्पष्ट होतं की विचारायची गरजच वाटली नाही. आणि खरं सांगू? फसवलं गेल्याची एक ऊब असते. ती मी महिनाभर शेकत बसले होते. दुपारी तिचे हात धरत होते आणि मनात ती चूल पेटती ठेवत होते.

नागपंचमीला मारुतीच्या देवळाच्या पडवीत आम्ही बसलो. सारवलेली, कोरडी जमीन. भाऊजी येणारे-जाणारे असल्यासारखे खांबाशी उभे होते, पगडीसकट. आक्काने माझे हात धरले आणि मागे झुकली. टाचा टेकल्या. म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "बगा गं, पोरीवानी बसलीय." सासूबाई वाकून टाचा निरखत होत्या. गाणं सुरू झालं. आक्का माझ्याकडे बघत होती, सबंध भार माझ्यावर टाकून. लहान मूल टाकतं तसा.

आणि मी बोटं उघडली.

हात सुटला, असं मी तेव्हा म्हणाले. घामाने निसटला, असं रडत रडत म्हणाले. तेच आजवर म्हणत आले. हात कोरडे होते. मी बोटं उघडली — हळू नाही, एकदम.

पुस्तकांसाठी उघडली, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत होते. ते तरी खरं आहे का? त्या क्षणी पुस्तकं आठवलीच नव्हती. त्या क्षणी एवढंच वाटलं की सगळे तिच्याकडे बघताहेत आणि तिला तोलून धरणाऱ्या बाईकडे कुणीच बघत नाही. एवढंच. यापेक्षा मोठं कारण शोधून सापडलं असतं तर मी केव्हाच बोलले असते.

ती पाठीवर पडली, पाय वर. बायका हसल्या. "अगो पाटलीन उतानी!" कुणीतरी ओरडलं. भाऊजी देवळामागे निघून गेले. सासूबाई माझ्यावर धावून आल्या, "तुला धराय नाय आलं व्हय गं?" — तेव्हा पडलेल्या आक्कानेच सांगितलं, "तिला नका बोलू, आत्याबाय. तिचा हात नाय सुटला. मीच सोडला."

तिने असं का म्हणावं? तिला कळलं नव्हतं? माझी बोटं तिच्या हातात होती, तिला नाही तर कुणाला कळणार? तिने मला वाचवलं, की मी केलेलं माझ्यासमोर ठेवून दिलं — मला अजून ठरवता आलेलं नाही. ती पुन्हा कधी त्याबद्दल बोलली नाही. माझ्याशी बोलायची ती फक्त मीठ कुठे आहे, म्हशीने चारा खाल्ला का, एवढंच.

दिवाळीत नवऱ्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितलं की बायकोची पुस्तकं कणगीमागे आहेत हे त्यानेच भावाला सांगितलं होतं. "आमची रातचं वाचून दावते, म्हटलं त्याला. तुझी फुशारकीच मारली गं." भावाने ते आईला सांगितलं. मी त्यांना वाढत होते. वाढत राहिले. मला ज्यांनी फसवलं त्यांच्यावर मी तोंडातून एक शब्द काढला नाही. जिने फसवलं नाही तिचा हिशेब मी आधीच चुकता केला होता.

तुळशीचं लग्न झालं आणि साजगावची मुलगी घरात आली. पुढे तिलाही मूल झालं नाही. तेव्हा मात्र कुणी कुणाची टाच बघितली नाही. भाऊजींना कोण उकिडवं बसवणार?

आक्का माघात घाटाच्या पायथ्याच्या कोंडाण्याला भावाकडे निघून गेली. तोच भाऊ, कडेवरचा. घरात मी बायकांना सांगत असे की माझी जाऊ मला एका शब्दानेही न विचारता गेली, इतकी वर्षं एका ताटात जेवलो आणि शेवटी तिने मला परकं केलं. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. माझेही येत. मला ते जमत असे.

बऱ्याच वर्षांनी कोंडाण्याहून निरोप आला — आक्का अंथरुणाला खिळली आहे, धाकट्या जावेला एकदा बघायचं म्हणते. भावाने न्यायला बैलगाडी पाठवली होती; ती कर्जतच्या रस्त्याने चढणीपर्यंत नेणार, पुढची तेवढी चढण चालायची. गाडी अंगणात दिवसभर उभी होती. मी गाडीवाल्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं की मला येता येणार नाही, पोटऱ्या आखडल्यात, चढण चढवत नाही.

माझ्या वयाकडे बघून त्याला ते पटलं. घरात सगळ्यांना पटलं.

तेव्हा माझ्या पोटऱ्यांना काहीही झालं नव्हतं.