पेनचं वेगळं स्पेलिंग

घाटकोपरला माझं मोबाइल रिपेअरचं दुकान आहे. त्यात एक खण फुटक्या स्क्रीननी भरलाय. उद्या फेकू, उद्या फेकू म्हणत सगळं साठलं. माझा दोस्त नित्या, त्याचे किस्सेही असेच साठलेत. टाकवत नाहीत, आणि हल्ली सांगताना हसूही येत नाही यार.

नित्या कुरियरच्या ऑफिसात कामाला. कानात कायम हेवी मेटल, म्हणजे मरणाबिरणाची किंचाळती इंग्लिश गाणी. त्याची आई गेली तेव्हा डॉक्टर इंग्लिशमध्ये काय काय बोलले, बापलेकाला काडीचं कळलं नाही. दोघांनी नुसत्या माना डोलावल्या. ते नित्याला फार लागलं. पुन्हा असं होऊ द्यायचं नाही म्हणून पठ्ठ्या गाणी वहीत उतरवून इंग्लिश शिकायला लागला.

मी म्हटलं, "अरे, सरळ क्लास लाव ना!"

"लावला होता. तिथे शिकवतात, धिस इज अ पेन. माझ्या गाण्यांतही तेच असतं. फक्त स्पेलिंग वेगळं!"

*

त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, मालवणकडचे. एकदा नित्यानं गाणं स्पीकरवर लावलं, तर ती किंचाळणी ऐकून आतून ओरडले, "ह्या बोंबलण्यान इंग्लिश येता? मगे आमचो कुत्रो बॅरिस्टर झालो असतो!"

*

एकदा हॉटेलात मेनूकार्डावर 'एक्स्ट्रा ग्रेव्ही' दिसलं. नित्या थबकला.

"ग्रेव्ह म्हणजे थडगं ना? मग ग्रेव्ही म्हणजे लहान पोराचं?"

सुजाता आमच्यातली तिसरी, पवईला ऑफिसात आहे. तिचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून नित्याचं ग्रामर तिनं अंगावर घेतलं.

*

"प्रेझेंट कंटिन्युअसचं उदाहरण दे," ती म्हणाली.

"वी आर डाइंग."

तिनं त्याची वही ओढून घेतली. ॲशेस म्हणजे राख. कॉफिन म्हणजे शवपेटी. टर्मिनल म्हणजे ज्या दुखण्याला इलाज नाही ते. पानंच्या पानं असली!

"चुकीचं काही नाही रे, पण जरा साधं लिही ना. वी आर ईटिंग?"

"कुठल्याच गाण्यात कोणी जेवत नाही गं!"

*

दिवाळीनंतर काकांचं जेवण तुटलं. पोट दुखायचं, अंग झडत चाललं. नित्यानं रजेचा अर्ज पहिल्यांदाच स्वतः इंग्लिशमध्ये लिहिला, 'माय फादर इज सिक. आय शॅल राइज ऑन मंडे.'

मॅनेजरनं खाली लिहिलं, 'ओके. राइज बाय नाइन.'

आम्ही दुकानात पोट धरून हसलो. तेवढंच शेवटचं हसलो.

*

रिपोर्टच्या दिवशी मी सोबत होतो. काका खुर्चीत बसलेले, मांडीवर फाइलची पिशवी. डॉक्टर भराभर इंग्लिशमध्ये बोलत होते आणि नित्या ऐकत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एकही शब्द अडला नाही.

बाहेर आलो तसं काकांनी विचारलं, "काय म्हणालो रे तो? सारखा टर्मिनल टर्मिनल करी होतो."

नित्या म्हणाला, "कुर्ला टर्मिनल, बाबा. तिथून गावची गाडी पकडा म्हणाला. थोडे दिवस गावी राहिलात की बरं वाटेल."

काकांनी पिशवी त्याच्या हातात दिली.

"काढ तर तिकिटा. जातानाची दोन. येतानाचा एकच."