दोरीला लावलेला हात

आमच्या वाडीत माझ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगतात. ऐंशीच्या दशकात मालवणच्या किनाऱ्यावर रापणीची दोरी आपणहून बाईमाणसाच्या हाती देणारा पहिला तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, मीच, असं म्हणतात. आमच्या चर्चच्या सणाला त्यासाठी माझा शाल देऊन सत्कारही झाला. शाल ऊबदार आहे, पण गोष्ट खोटी आहे.

आमची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, अनेक घरांची. प्रत्येक घराने जाळ्याचा एक तुकडा द्यायचा, घरच्या पुरुषाने किनाऱ्यावरून दोरी ओढायची, आणि मासळीत वाटा घ्यायचा. शेजारचा एक गडी तापाने गेला. त्याच्या बायकोने जाळं दिलं, पण ओढायला घरात पुरुष नव्हता. जाळं आम्ही वापरलं, वाटा मात्र दिला नाही.

ती माझ्या दारात आली. "तांडेलांनू, दोरी मी ओढतंय. माझो वाटो माका देवा."

"दोरयेक बापयो होयो," मी म्हटलं.

"दोरी इचारता काय, कोण ओढता ता?"

मी दार लावलं. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्याही. माझी बायको आतून ओरडायची, "अवो, तुमची पावणी इली. च्या ठेवू काय?" न्हाव्यासमोर तोंडाला साबण लावून बसलो, तर ती बाहेर उभी. एकदा एसटीने कुडाळच्या बाजाराला पळालो. पुढच्या सीटवर तीच, मांडीवर सुक्या मासळीची पाटी. मागे वळून म्हणाली, "तांडेलांनू, वाट लांब आसा. सावकाश बोलाया."

हे सगळं आज मजेचं वाटतं. पण त्या दिवसांत, तिच्याच जाळ्यात सापडलेले बांगडे माझ्या घरी तळले जात होते आणि तिच्या घरी पेजेबरोबर नुसतं मीठ होतं. हे मला ठाऊक होतं. मी दोन घास जास्तच खायचो.

मग एका रविवारी मिस्सेत फादरांनी शुभवर्तमान वाचलं. एक न्यायाधीश, देवाला न भिणारा, माणसाची पर्वा न करणारा. एक विधवा, न्याय मागत रोज त्याच्या दारी येणारी. पुरुषांच्या बाकांवरून एकेक मान माझ्याकडे वळली. बायकांच्या बाजूला कोणीतरी खोकलं, मग सगळ्याच खोकल्या.

बाहेर पडताच मी फादरांना गाठलं. "तिने तुम्हाला सांगितलं ना, हेच वाचा म्हणून?"

"अहो, आजचा पाठ तोच आहे," फादर म्हणाले. "आज सगळीकडे हाच वाचला असेल."

म्हणजे माझी अब्रू सगळीकडे गेली! ती पायरीवर चपला घालत होती. मी चिडून विचारलं, "देवाकय असोच तरास दितस?"

"देव काय तुमच्यासारखो आसा?" ती म्हणाली. "तुमका आयकाक येणा नाय, म्हणान तुमच्या दारात येतंय. तो पयल्याच हाकेक आयकता."

"मगे रोज गुडघे कित्याक टेकतस?"

"माझो धीर सुटू नये म्हणान."

फादर हसले. "हिने दोन वाक्यांत सांगितलं, माझं प्रवचन उगाच लांबलं म्हणायचं. असला न्यायाधीशही शेवटी ऐकतो, तर स्वर्गातला बाप ऐकणार नाही का? एवढंच तर येशू सांगतो."

मी आयुष्यभर प्रार्थना म्हणजे देवाला दमवणं समजत आलो होतो. देव माझ्यासारखाच कडक तांडेल आहे, अशीच माझी श्रद्धा होती.

तरी माझं मन पालटलं नाही, हे इथे नीट नोंदवतो. मला फक्त शांतपणे दाढी करायची होती. सोमवारी सकाळी होडी जाळं टाकून परतली आणि मी तिला म्हटलं, "धर ती दोरी, आणि माका सोड."

तिने पदर खोचला. वाळूत टाचा रोवून इतरांसारखीच मागे रेलली. जाळ्यात शेवाळ भरपूर आलं, बांगडे बेताचेच. मी वाटे घातले आणि तिच्या वाट्याजवळ जरा ऐटीत उभा राहिलो. आता ही आभार मानणार.

तिने वाट्यावरून नजर फिरवली. "तांडेलांनू, एक बांगडो कमी आसा."

मी वाकून पाहिलं. तिचं बरोबर होतं. या वेळी दार लावायला दार नव्हतं, आणि तिने दुसऱ्यांदा मागण्याआधीच मी माझ्या वाट्यातला मोठा बांगडा उचलून तिच्या पाटीत टाकला.