जानव्याची किल्ली

दारासुरमच्या रस्त्यावर आमचं सागवानी दारं कोरण्याचं वर्कशॉप आहे. कोरतं संगणकावर चालणारं सीएनसी मशीन. त्याच्या मोटारीचा वेग ठरवणारा ड्राइव्ह अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः जोडला. वायरिंग मलाही त्यांनीच शिकवलं, तेही ओरडून. येणारी लाइन आणि मोटारीकडे जाणारी लाइन यांची अदलाबदल झाली की ड्राइव्ह गेलाच म्हणून समजायचं.

पॅनेल उघडण्याची त्यांची तऱ्हा मात्र आमच्याच घरात शोभावी अशी. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली जानव्याला बांधायची. ज्याचा हात आत, त्याच्या अंगावर किल्ली. मग चुकूनही कोणी वीज सोडू शकत नाही. त्यानंतर कॉफी. मेन बंद केला तरी ड्राइव्हच्या पोटात वीज बराच वेळ साठून राहते. म्हणून कॉफी सावकाश संपवायची, काचेतून तांबडा दिवा विझलेला पाहायचा, मीटर लावून खात्री करायची, मगच हात. मी घाई केली की मला लाडानं अम्मा म्हणत, आमच्या दक्षिणेकडच्या जुन्या मराठीत सांगायचे, "थांब अम्मा, कापी जाली नाही अजून."

मग ते विसरू लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग आपण जेवलो की नाही ते. हात विसरणार नाहीत, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. एका सकाळी वर्कशॉपमध्ये आले तर पॅनेल उघडं, तांबडा दिवा चालू, आणि अप्पांचा स्क्रूड्रायव्हर आत निघालेला. त्यांनी फक्त इमर्जन्सीचं लाल बटण दाबलं होतं. त्या बटणानं मोटार थांबते, वीज जात नाही, हे मला शिकवणारा हाच माणूस! मी शर्ट धरून त्यांना मागे ओढलं आणि तिथेच रडू लागले.

त्याच दिवशी कुलपाची किल्ली, आणि तिच्याबरोबरची पॅनेलची किल्लीही, जानव्यातून सोडवली. गाठ सुटता सुटेना. अप्पा छाती पुढे करून उभे राहिले.

परवा ड्राइव्हचा पंखा बदलायचा होता. मेनला कुलूप घातलं. मला जानवं कुठलं! किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली, कुर्त्याच्या आत. दोघांची कॉफी झाली, तसा अप्पांचा हात जानव्याकडे गेला.

"किल्ली कोठें?"

"माझ्याकडे आहे, अप्पा."

त्यांनी खुर्ची ओढत मेन स्विचपाशी नेली आणि त्याला पाठ लावून बसले. "म्हणजे तुझा हात आंत. मी बसतों इथें. कोण्हास चालू करूं देत नाही."

तेव्हापासून ते रोज तिथेच बसतात. संध्याकाळी घरी निघताना माझ्या गळ्यात किल्लीचा दोरा दिसला, की माझा हात अजून आतच आहे असं समजून उठत नाहीत. मग मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरते. कधी कधी मी कोण, हेही त्यांना आठवत नाही. तरी ते माझं एकेक बोट चाचपून पाहतात, आणि मगच उठतात.