आधी अंग धुवायचं

नाशिकजवळच्या अंबडच्या कारखान्याने मला मशीन शिकायला जपानला पाठवलं, तेव्हाची गोष्ट. खोलीला मोरी नव्हती, म्हणून गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो. गरम पाण्याचा मोठा हौद, त्यात मानेपर्यंत बुडालेले म्हातारे. मी नाशिकचा. पाणी दिसलं की थेट डुबकी! पाय घातला तोच एक टकलू म्हातारा हात हलवत ओरडला.

माझं डोकं फिरलं. आजोळच्या विहिरीवरून आम्हाला असंच हाकललं होतं. इथेही तेच? चळवळीच्या सभांत गाजवलेली सगळी वाक्यं जिभेवर आली, पण जपानी शब्द येत होते मोजकेच.

म्हातारा बाहेर आला. मला लाकडी स्टुलावर बसवून त्याने साबण दिला, आणि मागे बसून माझी पाठ खसाखसा चोळली. मग हौदाकडे हात करून म्हणाला, "मिन्ना." मला कळेना. त्याने पाण्यातल्या एकेकाकडे बोट दाखवलं आणि शेवटी ते माझ्या छातीवर टेकवलं. मिन्ना म्हणजे सगळे.

पुढे रोज त्या हौदात तो मला नवा शब्द शिकवायचा आणि चुकलो की तोंडावर पाणी उडवायचा. त्याचे उपकार मी जन्मभर मानीन.

नाशिकला येऊन आईला सांगितलं.

"परक्या माणसानं पाठ चोळली? नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही. त्यानेही माझं विचारलं नाही."

"अन् जात?"

"छे गं! अंग धुतलं का, एवढंच बघितलं."